चूक कोणाची?

वाचकहो, ज्यांचे अर्धे आयुष्य गावच्या क्रिकेटमध्ये गेले, अशा आम्हांस उतारवयात बेसबॉल पाहण्याचा योग येईल असे कोणी सांगितले असते, तर आम्ही हसलो असतो. परंतु आमची कन्या अमेरिकेत बॉस्टन शहरी असते. तिच्याकडे गेलो असता एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, जावयांनी आम्हांस फेनवे पार्क या क्रीडांगणावर नेले. हे क्रीडांगण १९१२ सालचे. त्याच्या डाव्या अंगास ३७ फूट उंचीची हिरवी भिंत उभी आहे. बॉस्टनच्या ‘रेड सॉक्स’ संघाचे हे घर; आणि त्या शहरातील माणसे या संघाविषयी जितक्या जिव्हाळ्याने बोलतात, तितक्याच जिव्हाळ्याने त्याच्याशी भांडतात.

आमच्या पुढच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ व त्यांचा नातू बसले होते. सामन्याचा सहावा डाव चालू होता. चेंडू फेकणारा गडी, ज्यास तिकडे पिचर म्हणतात, घामाघूम झाला होता. नातू म्हणाला, “आता याला काढा. नव्वद चेंडू झाले. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर येत आहेत. त्यांना याचा हात कळला आहे.” आजोबा म्हणाले, “तो चांगला टाकतो आहे ना? मग आकडे कशाला मोजतोस?”

आम्ही कान टवकारले. हा वाद आम्हांस परका नव्हता. मात्र त्यातील एक अडचण आपल्याकडे नाही. आपला गोलंदाज दमला तर त्याला विश्रांती देऊन तासाभराने चेंडू पुन्हा त्याच्याच हाती देता येतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. म्हणून मॅनेजर जेव्हा मैदानाच्या मधल्या उंचवट्याकडे संथपणे चालत जातो आणि पिचरच्या हातातून चेंडू काढून घेतो, तेव्हा सारे क्रीडांगण श्वास रोखून पाहते.

इतक्यात एक चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्याला लागून निसटला. फलकावर ‘चूक’ म्हणून नोंद झाली आणि लोकांनी आरडाओरडा केला. आजोबा शांतपणे नातवास म्हणाले, “आळशी असता तर तो त्या चेंडूपर्यंत पोहोचलाच नसता, आणि मग त्याच्या नावावर चूकही लागली नसती.” हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. त्या खेळात तसाच हिशेब आहे. जो धावून चेंडूपर्यंत पोहोचतो त्याचीच चूक बहुधा मोजली जाते. जो दूर उभा राहतो तो निर्दोष ठरतो.

आम्ही त्यांच्याशी बोलू लागलो, तेव्हा त्यांनी आम्हांस बिल बकनर या खेळाडूची कथा सांगितली. बॉस्टनमध्ये ती लहान पोरांनाही ठाऊक आहे.

साल १९८६, तारीख २५ ऑक्टोबर. अजिंक्यपदाच्या मालिकेतील सहावा सामना न्यूयॉर्कच्या ‘मेट्स’ संघाविरुद्ध त्यांच्याच शे स्टेडियमवर होता. बॉस्टनने तीन सामने जिंकले होते, न्यूयॉर्कने दोन. रेड सॉक्सने १९१८ नंतर अजिंक्यपद पाहिले नव्हते; ६८ वर्षांचा तो उपास सुटायला एकच विजय हवा होता. बॉस्टनचा तरुण पिचर रॉजर क्लेमेन्स सात डाव टाकून ३-२ अशी आघाडी ठेवून बाहेर आला. मॅनेजर जॉन मॅकनामारा म्हणत की, बोटाला फोड आल्यामुळे त्यानेच थांबण्यास सांगितले; क्लेमेन्स म्हणे, आपण तसे मुळीच सांगितले नाही. त्याच्या जागी आलेल्या कॅल्विन शिराल्डीच्या हातून बरोबरी झाली आणि सामना दहाव्या डावात गेला. बॉस्टनने दोन धावा काढल्या, ५-३. मग न्यूयॉर्कचे पहिले दोन गडी झटपट बाद झाले. आणखी एक बाद, की सारे संपले.

तो एक बाद झालाच नाही. लागोपाठ तीन फलंदाजांनी फटके मारले व एक धाव निघाली. तेव्हा कोठे मॅनेजरने शिराल्डीला काढून बॉब स्टॅन्लीला आणले. स्टॅन्लीचा एक चेंडू यष्टिरक्षकासारख्या मागे बसणाऱ्या गड्याला चुकवून गेला आणि बरोबरी झाली. त्यानंतर मुकी विल्सनने मारलेला एक साधा, सरपटता चेंडू पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या बकनरच्या दोन्ही पायांमधून निसटला. रे नाइट धावत घरी पोहोचला. न्यूयॉर्क ६-५ ने विजयी. २७ तारखेस सातवा सामनाही बॉस्टनने हरला.

बकनर तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि त्याचे घोटे दुखावलेले होते. त्या मालिकेत बॉस्टनने जे सामने जिंकले, त्यांत शेवटी शेवटी त्याच्या जागी डेव्ह स्टेपल्टन हा धडधाकट गडी उभा केला जात असे. त्या रात्री केला नाही. विजयाच्या क्षणी जुना खेळाडू मैदानात असावा म्हणून त्याला ठेवले, असे लोक म्हणतात. मॅनेजरचे म्हणणे असे की, पहिल्या बेसवर बकनरच सर्वांत चांगला होता.

आता वाचकांनीच विचार करावा. चेंडू पायांतून निसटला तेव्हा सामना आधीच बरोबरीत आला होता. दुसऱ्यांच्या हातून आघाडी गेली होती, निर्णय वरिष्ठांचे होते, आणि पुढे एक संपूर्ण सामना शिल्लक होता. शिवाय हा मनुष्य कच्चा खेळाडू नव्हता. त्याने २२ हंगामांत २,७१५ फटके नोंदविले. आदल्याच वर्षी, १९८५ साली, पहिल्या बेसवरून गडी बाद करण्यास १८४ वेळा साहाय्य करून त्याने उच्चांक केला, आणि तो २००९ पर्यंत टिकला. तरीही सारा दोष एकट्या त्याच्या माथी आला. लेवीयाच्या पुस्तकात लोकांची पापे बकऱ्याच्या मस्तकावर ठेवून त्याला रानात सोडून देण्याचा विधी सांगितला आहे. बकनरही पुढे कुटुंबासह दूर आयडाहो राज्यात राहावयास गेला.

२००४ साली रेड सॉक्सने अजिंक्यपद मिळविले, २००७ साली पुन्हा मिळविले. ८ एप्रिल २००८ रोजी हंगामाच्या पहिल्या घरच्या सामन्यास त्यांनी बकनरला मानाचा पहिला चेंडू टाकण्यास बोलाविले. तो हिरव्या भिंतीकडून एकटा चालत आला. सारे क्रीडांगण उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि त्याचे डोळे भरून आले. “मीही त्या दिवशी उभा होतो,” आजोबा म्हणाले. “आम्हाला वाटले, आम्ही त्याला क्षमा केली. पण नंतर तो बोलला, तेव्हा समजले की क्षमा त्यालाच करावी लागली होती. लोकांना तितकी नाही, पण ज्यांनी त्याच्याविषयी छापले आणि दाखविले त्यांना.” २०१९ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, बकनर वारला.

परतीच्या वाटेवर आम्ही गप्प होतो. जावयांना वाटले, आम्ही दमलो. खरे कारण आम्ही आज येथे लिहितो. एका अर्थी हे आमचे उघड पापनिवेदनच समजावे.

पुष्कळ वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील आमच्या गावी, फेस्ताच्या निमित्ताने भरलेल्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. धर्मग्रामाच्या संघाची व्यवस्था आमच्याकडे होती. शेवटचे षटक आम्ही दमलेल्या गोलंदाजासच दिले, कारण तो आमचा आवडता होता. सीमेवर आमचाच एक विद्यार्थी उभा होता. त्याचे बोट सुजलेले आहे हे आम्हांस ठाऊक होते. दुसरा मुलगा बाहेर बसलेला होता. उंच झेल आला, पोर धावत त्याच्याखाली गेले, आणि झेल सुटला. सामना गेला. मांडवात साऱ्या गावासमोर, त्याच्या वडिलांच्या देखत, आम्ही बोललो, “तुझ्यामुळे गावाची मान खाली गेली.”

तो मुलगा पुन्हा मैदानावर आला नाही. चर्चमध्ये गायकवृंदात उभा राहत असे, तेही त्याने सोडले. पुढे तो नोकरीसाठी गोव्याला गेला. आम्ही मनात म्हणत आलो की, पोर फार हळवे होते. त्या षटकाविषयी आम्हांस कोणी विचारले नाही, आणि आम्हीही कोणास सांगितले नाही. मैदानाबाहेर बसलेल्याच्या नावावर चूक लागत नाही!

बॉस्टनहून परतल्यावर यंदाच्या फेस्तास तो मुलाबाळांसह गावी आला. मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही त्याला गाठले आणि जे सांगावयाचे ते सांगितले: गोलंदाज बदलावयास हवा होता, तुला तेथे उभे करावयास नको होते, चूक आमची होती. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, तो झेल मी केव्हाच विसरलो. तुमचे ते वाक्य मात्र विसरता आले नाही.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही केवळ “क्षमा कर” एवढेच म्हणालो. त्यानेच आमचा हात धरला. “चला,” तो म्हणाला, “माझा धाकटा मैदानावर उतरला आहे. अजून झेल नीट धरता येत नाही त्याला. तुम्ही जरा दाखवा.”

आम्ही गेलो. पोराने पहिले तीन झेल सोडले. आम्ही चौथा चेंडू वर फेकला.