काळी चार

बुवांच्या पेटीवरची काळी चार इतर पट्ट्यांपेक्षा जास्त झिजली होती. काळा रंग उडून मधोमध बोटाएवढं लाकूड दिसायला लागलं होतं. लहानपणी माझी समजूत होती की पेटीचा ‘सा’ तिथेच असतो, घरात देवघर एकाच कोपऱ्यात असतं तसा. ‘सा’ कुठेही धरता येतो हे शाळेत गाण्याच्या बाईंनी सांगितलं, त्या संध्याकाळी मी बुवांशी भांडलो. ते म्हणाले, “धर ना खंयय. पण बाकीचे थंय येतत काय ता बघ.”

आमचं भजनी मंडळ लालबागच्या एका चाळीतलं. दुसऱ्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली, आणि गुरुवारी, एकादशीला तिच्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं. बहुतेक सगळे सिंधुदुर्गातल्या जवळजवळच्या गावांतले, पण गिरणीत तीन पाळ्यांत वाटले गेलेले. पहिल्या पाळीचे जेवून येत. दुसरी पाळी सुटली की काहीजण रिकामा डबा हातात घेऊनच उंबरठ्यावर टेकत. तिसऱ्या पाळीचे गौळण अर्ध्यावर टाकून चपला शोधायला उठत. कोण आलं, कोण गेलं, तरी मोडणार नाही असं भजन बुवांना बसवावं लागे. त्यांचं सगळं शहाणपण या अडचणीतून आलेलं होतं, असं मला आज वाटतं.

आमच्याकडे मागून म्हणणाऱ्यांना ‘कोरस’ म्हणतात. बुवा, पखवाज, झांज आणि शेवटी कोरस, या क्रमाने नावं सांगायची पद्धत. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गाण्यातून टाकलेल्या कोड्याला दुसरा गाण्यातूनच उत्तर देतो आणि पहाटेपर्यंत गाव हलत नाही. तिथे लोक बुवाला ऐकायला येतात. आमचे बुवाही तरुणपणी बाऱ्या करून आलेले. माईक नसताना देवळाच्या सभामंडपातून बाहेरच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर पट्टी चढीच लागते, म्हणून त्यांची काळी चार. पण चाळीतल्या खोलीत त्यांचं लक्ष स्वतःच्या आवाजाकडे नसायचं. मोठ्या अभंगाची ठेवण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची. तीन चरण चालत येतात आणि चौथा चारच अक्षरांत टेकतो. त्या टेकण्याशी बुवा उजवा हात पट्ट्यांवरून अलगद उचलायचे. पेटी निमिषभर गप्प व्हायची आणि त्या गप्पपणात पंधरा माणसं एकदम श्वास घ्यायची. कुणी खूण केलेली नसायची. ध्रुपद मग असं उठायचं की भिंतीवरच्या तसबिरी थरथरत.

तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी उभे राहत, असं वारकरी परंपरा सांगते. संताजी जगनाडे त्यांतलेच, अभंग उतरवून घेणारे. अभंग आपल्यापर्यंत आले ते लिहिणाऱ्याच्या हाताने आणि मागून म्हणणाऱ्यांच्या तोंडातून. भजनाला बसलो की मला त्या चौदा जणांची आठवण हमखास येते.

पेटीबद्दलही एक सांगायला हवं. आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत. श्रुती आणि मींड तिच्यातून निघत नाहीत हा आक्षेप काही खोटा नाही. पण त्याच वर्षांत गिरणगावच्या खोल्याखोल्यांतून ती वाजत होती, कारण ज्याला सूर शोधता येत नाही त्याच्या हातात ती सूर ठेवते. दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला त्याहून जास्त काय हवं असतं?

तात्या साचेखात्यात होते. शेकडो माग एका छपराखाली चालायचे, तिथे माणसं एकमेकांशी ओठांवरून आणि खुणांनी बोलत. वीस वर्षांत तात्यांचे कान गेले. भजनात ते मोठ्याने म्हणत आणि अर्धी मात्रा मागे पडत. एका सप्ताहाच्या आधी कुणीतरी बोललं की तात्यांनी नुसता टाळ धरावा. बुवांनी उत्तर दिलं नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी तात्यांची जागा बदलली. पखवाजाच्या डाव्या अंगाला, कणीक थापलेल्या धुमाशेजारी त्यांना बसवलं. चाळीची जमीन फळ्यांची होती. तात्यांनी डावा तळवा जमिनीवर टेकवला, डोळे मिटले, आणि फळीतून आलेली प्रत्येक थाप त्यांना मिळायला लागली. ते लयीत आले. सुरात पूर्णपणे कधीच आले नाहीत, त्यासाठी दोन्ही बाजूंना दोन पक्के गळे बसवले होते. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. फळीवरचा तो पंजा, बोटांच्या पेरांत सुताने पडलेल्या बारीक चिरा, मला अजून दिसतात.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या पहिल्या महिन्यांत मी सगळं मंडळ प्रथमच एका वेळी एका खोलीत बसलेलं पाहिलं. पाळ्याच उरल्या नव्हत्या. गॅलरीत माणसं, जिन्यावर माणसं. तसा कोरस मी पुन्हा ऐकला नाही. मग कुणी बायकामुलांना गावी सोडून आलं, कुणी सोडायला गेलं ते आलंच नाही. गणपती येईपर्यंत खोलीत पाय पसरायला जागा झाली. संप कुणी रीतसर मागे घेतला नाही, तो विरत गेला, आणि आमचं भजनही त्याच्यासोबत विरलं असतं. तसं झालं नाही, कारण बुवा गुरुवारी पेटीवरचं फडकं काढून बसत राहिले. चार माणसं असली तरी काळी चार आणि चारशे असली तरी काळी चार.

पुढे चाळ पाडली गेली. मंडळ डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा असं विखुरलं. गुरुवार सुटला, एकादशी राहिली. माझ्या इमारतीच्या गच्चीखालच्या हॉलमध्ये आम्ही जमायला लागलो, तोवर बुवांचा गळा बसला होता. एका एकादशीला त्यांनी पेटी माझ्यासमोर सरकवली आणि स्वतः मागे तात्यांशेजारी जाऊन बसले.

मी वर्षभर काळ्या चारमध्येच गायलो. वेगळं काही सुचलंच नाही. माझा गळा तिथे पोचत होता, लोक मान डोलवत होते. मग कुणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग मी दादर-डोंबिवली लोकलमध्ये ऐकलं. अंतऱ्यात तार ‘सा’वर मी होतो, मागे दोन आवाज होते आणि टाळ. बाकी काही नाही. समोर बसून पाहताना सगळ्यांची तोंडं उघडी दिसायची, म्हणून मला वाटत आलं होतं की सगळे गातायत. साठी-सत्तरीची माणसं माझ्या मानाखातर ओठ हलवत होती. घाटकोपरला मी ते पुन्हा ऐकलं. मला लाज वाटली, आणि बुवांचं ते जुनं वाक्य आठवलं.

पट्टी उतरवणं बोलायला सोपं आहे. काळ्या चारवरून पांढऱ्या चारवर, तीनच स्वर खाली. पण पखवाज काळ्या चारला लावलेला. गट्टे ठोकून तो थोडा उतरतो, त्यापुढे वाद्या सैल पडतात आणि शाई मुकी होते. मोठ्या तोंडाचा दुसरा पखवाज घेण्यासाठी दोन एकादशींची दक्षिणा आणि एका जुन्या सभासदाच्या मुलाने न विचारता दिलेले पैसे लागले. तो आला तेव्हा जुना पखवाज साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. पहिल्याच भजनाला मागून जो आवाज आला त्याने मी दचकलो. बारा माणसं माझ्या पाठीशी उभी राहावीत तसा तो आला. माझाच आवाज त्यात दिसेनासा झाला.

भजन संपल्यावर बुवांनी विचारलं, “पट्टी कित्याक उतरयलंस?”

“बाकीचे थंय येनत नाय, बुवा.”

ते काही बोलले नाहीत. चहा घेतला, चप्पल घातली, नातवाचा हात धरून गेले. त्यांना ते लागलं असणार. पन्नास वर्षं धरलेला ‘सा’ होता तो.

त्या वर्षी मी आळंदीहून पंढरपूरला चालत गेलो. मुक्कामाच्या तळावर रोज समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, मग चोपदार चोप उंच धरतो आणि एवढा मोठा नाद तिथल्या तिथे थांबतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकतो, आणि मगच पुढचं होतं. मी तिथे उभा राहून मोबाइलमधल्या त्या उघड्या तोंडांचा विचार करत होतो. हौसेने गाणारी माणसं तक्रारीचा टाळ वाजवत नाहीत. ना पगार, ना करार, ना कुणाची सक्ती. त्यांना जमेना की ती आधी गायचं थांबतात आणि मग काही महिन्यांनी यायचं थांबतात, सांधेदुखीचं कारण सांगून. पेटीवर बसणाऱ्याला हे न वाजलेले टाळ ऐकू यायला हवेत. नाहीतर मंडळ त्याच्या डोळ्यांदेखत संपतं.

आणि इतकं कळूनही मी पुन्हा तीच चूक केली. चार वर्षांपूर्वी बुवांची सून भजनाला बसायला लागली, तिच्या मागोमाग आणखी सहा-सात बायका. इतकी वर्षं चहा करून दारातून ऐकणाऱ्या बायका त्या, चाली सगळ्या पाठ. मी खूश होतो. महिन्याभराने लक्षात आलं की खालच्या स्वरांशी त्यांचा आवाजच नाहीसा होतो, ओठ तेवढे हलतात. पुरुषांसाठी उतरवलेली पांढरी चार त्यांना खर्जात बुडवत होती. मी भजन थांबवलं आणि सुनेला विचारलं, “वहिनी, तुम्हाला कुठे बरं पडतं?” त्यांनी आधी सासऱ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे हात करून म्हणाल्या, “ती रंग उडालेली आहे ना, तिथे.”

आता आमचे अभंग पांढऱ्या चारमध्ये होतात आणि गौळण काळ्या चारमध्ये. गौळणीचं ध्रुपद खालच्या अंगाचं असतं, ते सगळे मिळून म्हणतात. अंतरा बायका घेतात. पुरुष त्या वेळी टाळ धरतात आणि ऐकतात, आणि ऐकताना त्यांचे चेहरे फार चांगले दिसतात.

जुना पखवाज माळ्यावरून काढला त्या एकादशीला बुवा आले होते. साडी सोडली तर पुडी शाबूत होती, फक्त धुमावरची जुनी कणीक वाळून खडे झालेले. बुवांनी ते नखाने एकेक करून काढले, बराच वेळ. मग नातीला म्हणाले, “मूठभर कणीक भिजव गो, सैल नको.” तिने वाटी आणून दिली. त्यांनी अंगठ्याने गोळा थापला, एक थाप मारली, थोडं पाणी लावलं, पुन्हा मारली.

आता हॉलला फरशी आहे. फरशीतून थाप येत नाही. तात्यांनी हात लांब करून तळवा पखवाजाच्या खोडावरच ठेवला, मान एकदा हलवली, आणि वहिनींनी तोंड उघडण्याआधीच तात्यांच्या दुसऱ्या हाताचा पहिला ठोका मांडीवर पडला.