अंगणातली शाळा, कुरणातली शाळा

डहाणूचे नाव काढले की आपल्यासारख्या शेतीतल्या माणसाला आधी चिकू आठवतो. मलाही तोच आठवला होता. 2022 च्या नोव्हेंबरात कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाण्याचा योग आला. कालीपत्ती चिकूच्या बागा पाहाव्यात, खत-पाण्याची माहिती टिपून घ्यावी, एवढाच बेत होता. ती माहिती घेतलीच. पण परत येताना चिकूच्या पिशवीबरोबर आणखी एक शिदोरी बांधून आणली. ती तुमच्या घरात आणि बांधावर उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करीत एस.टी. घाट उतरू लागली, की हवेतला कोरडेपणा कमी होतो. भात कापून झालेले होते. खळ्यांवर झोडणी चालली होती. माळावरचे गवत कापून भारे बांधले जात होते. रस्त्याच्या कडेला मात्र जागोजाग माणसे बसलेली दिसली. भांडीकुंडी, गोणपाटात बांधलेले अंथरूण, कोंबड्यांची पाटी, आणि त्यातच बसलेली लहान लहान पोरे. दिवाळी झाली की इकडची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. शेजारी बसलेले गृहस्थ सहज म्हणाले, "या पोरांची शाळा आता संपली बघा."

ते वाक्य मला लागले. त्याला कारण होते.

आमचे गाव सिन्नरच्या बाजूला, बाजरी-सोयाबीनचे. थोरले बंधू तिथे शेती पाहतात. त्यांचा नातू दुसरीत असताना, मार्च 2020 मध्ये, कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. फोनवर धडे येत, पण घरात एकच फोन, तोही दिवसभर शेतात. मी सुटीला गेलो की वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, पोरगं वाचायचं विसरत चाललंय. पण माझी चौथी झालेली, मी काय शिकवणार?" मी म्हणायचो, "शाळा सुरू झाली की येईल ओळीवर." मी बी. एस्सी. अ‍ॅग्री झालेला माणूस! आयुष्यभर लोकांना शिकवण्याचा पगार घेतलेला! तरी एवढेच बोललो. दीड वर्षाहून अधिक काळ गेला. शाळा उघडली तेव्हा मुलगा चौथीत होता. पुढे पाचवीत गेला, पण फळ्यावरचे वाचता येईना. मुले हसत. 2022 च्या दिवाळीनंतर त्याने दप्तर खुंटीला लावले आणि शेळ्यांमागे जाऊ लागला. मी कोसबाडला निघालो त्याला तेव्हा दोन आठवडे झाले होते.

कोसबाडची टेकडी तशी फार उंच नाही. आजूबाजूला पाडे, चिकूच्या वाड्या, ताडाची झाडे. केंद्रातले काम दुपारी आटोपले. बस यायला अवकाश होता, म्हणून टेकडीवरच पायी फिरत निघालो. इथेच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम झाले, हे ऐकून होतो. पण ते काम काय होते, ते नीट ठाऊक नव्हते. वाटेत एका निवृत्त शिक्षिकेची गाठ पडली. त्यांनी ओटीवर बसवून चहा दिला आणि सगळे समजावून सांगितले.

ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईचा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे दादरला शिशुविहार निघाले. शहरात नाव झाले, पण त्यांच्या मनात खेड्यातले मूल होते. माँटेसोरीबाईंची साधने महागाची. ती खेड्यात कोण घेणार? म्हणून 1945 मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई मोरगावच्या. लहानपणी लग्न झाले आणि लहानपणीच वैधव्य आले. तरी नेटाने शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. ताराबाई 1973 मध्ये गेल्या, अनुताई 1992 मध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. बालवाडी काढली, तरी पाड्यावरची मुले येईनात. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. त्या उठल्या आणि पाड्यावर गेल्या. कोणाच्या तरी अंगणात बसून मुले गोळा केली. नखे काढली, अंघोळ घातली, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. अंगणात भरणारी वाडी म्हणून नाव पडले अंगणवाडी. केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव देशभर गेले. आज तुमच्या-माझ्या गावात जी अंगणवाडी आहे, तिचे नाव या बाजूच्या अंगणातून निघालेले आहे.

थोडी मोठी मुले तरीही येईनात, कारण त्यांच्यामागे गुरे. मग शाळाच गुरांमागे गेली. कुरणात, झाडाखाली, गुरे चरत असताना शिक्षक मुलांना शिकवी. ती कुरणशाळा. मुली येईनात, कारण कडेवर धाकटे भावंड. मग शाळेला जोडून पाळणाघर काढले. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, ती विकासवाडी.

आणि साधने? महागड्या लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, करवंट्या आणि माती. दहा चिंचोके मोजता आले की दहाचा आकडा समजला. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-मऊ हे सगळे अंगणातच पडलेले होते. शिक्षक मुलाच्या बोलीतून सुरुवात करी आणि हळूच पुस्तकाच्या भाषेकडे नेई.

मी मनातली गोष्ट बोलून दाखवली. आमच्या नातवाचे सांगितले. ताईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, शेतकरी तुमच्या कचेरीत शिकायला येतो का?"

"नाही. आम्हीच बांधावर जातो. प्रात्यक्षिकाचा प्लॉट टाकतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?"

"मग पोराला शेळ्यांमागे जाऊन का नाही शिकवत?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उतरताना वाटेत एक चिकूची वाडी लागली. बायका फळे निवडत होत्या. आईशेजारी पाच-सहा वर्षांची एक पोर खाली पडलेल्या फळांशी खेळत होती. तिने तीन ढीग केले होते, मोठे, मधले आणि बारीक. एकही फळ चुकीच्या ढिगात नव्हते. कोणी सांगितले नव्हते, कोणी शिकवले नव्हते. मी उभा राहून पाहत राहिलो. अभ्यास तिथे चालूच होता. त्याला अभ्यास म्हणणारे माणूस तेवढे जवळ हवे होते.

घरी परतल्यावर पुढच्याच रविवारी गावी गेलो आणि नातवाबरोबर शेळ्यांमागे निघालो. सोबत एक वही, पेन्सिल आणि टेप घेतला. त्यानंतर आम्ही जे जे केले, त्यातले तुम्हाला सहज जमेल ते सांगतो.

पहिले, जमिनीचे माप. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन मुलाला एक गुंठा आखू द्या. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे 1,089 चौरस फूट, हे तो स्वतः करील. सातबाऱ्यावरचे आकडे मग त्याला परके वाटणार नाहीत.

दुसरे, बियाण्याची उगवण. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मुलाकडून मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब किती आले ते मोजा. शंभरात सत्तर आले तर उगवण सत्तर टक्के. टक्का म्हणजे काय, हे यापेक्षा सोपे करून कोणी सांगणार नाही. सत्तर टक्के उगवणीला एकरी तीस किलो बियाणे लागत असेल, तर साठ टक्के उगवणीला किती लागेल? उत्तर पस्तीस किलो. हे गणित चुकले तर पेर विरळ होते, हे मुलाला ठाऊक असते. म्हणून ते तो मन लावून करतो.

तिसरे, पाऊस. सरळ बाजूचा एखादा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा, वहीत तारीख घाला, आकडा लिहा, डबा रिकामा करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी. एक इंच म्हणजे सुमारे एक लाख लिटर. मृगापासूनची अशी वही पुढच्या वर्षी तुम्हालाच कामाला येईल.

चौथे, माती. काचेच्या बाटलीत एक भाग माती आणि दोन भाग पाणी घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू आधी तळाशी बसते, तिच्यावर पोयटा, आणि सर्वांत शेवटी चिकणमाती. दुसऱ्या दिवशी थर मोजायला सांगा. दोन शेतांची माती शेजारी शेजारी ठेवली, तर एका शेतात पाणी का टिकते आणि दुसऱ्यात का मुरते, ते मूलच तुम्हाला सांगेल.

पाचवे, वाचन. आमच्या नातवाला पुस्तकाची भीती बसली होती. म्हणून आम्ही बियाण्याच्या पिशवीवरच्या अक्षरांपासून सुरुवात केली. मग खताच्या गोणीवरचे, मग एस.टी.वरची पाटी, मग बाजारभावाचे पान. वहिनींनी जात्यावरची गाणी सांगायची आणि त्याने ती लिहून घ्यायची, असा नेम ठेवला. "माझी चौथी झालेली" म्हणणाऱ्या वहिनींकडून वही भरली. घरातली आजी हे मोठे पुस्तक आहे. ते मिटण्याच्या आत उतरवून घ्या.

फोन असेल तर त्याचाही उपयोग करा. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक आणि शाळेची पाठ्यपुस्तकेही बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून करायची शेकडो खेळणी दाखवली आहेत, तीही फुकट. काडेपेटी, सायकलची ट्यूब आणि नळी एवढ्या सामानात विज्ञान शिकता येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. हे शाळेच्या बदली नाही. मुलांना शाळेत पाठवाच. ताराबाई आणि अनुताई अंगणात गेल्या त्या मुलाला शिक्षणापर्यंत आणण्यासाठी. कामासाठी परगावी जाणार असाल, तर निघण्यापूर्वी गुरुजींकडून मुलाचे शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे जिथे जाल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. आणि कोणाची शाळा सुटलीच असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. दार बंद झाले असे समजू नका.

आमच्या नातवाचे काय झाले, हे विचाराल. चमत्कार काही झाला नाही. तीन महिने आम्ही रविवारी शेळ्यांमागे हिंडलो, एरवी वहिनी रोज अर्धा तास घेऊन बसल्या. फेब्रुवारीत तो आपणहून शाळेत गेला. पावसाची वही त्याने गुरुजींना दाखवली, आणि गुरुजींनी ती वर्गात वाचून दाखवली. भल्या माणसाने एवढेच केले, पण ते फार झाले. आता तो माध्यमिक शाळेत आहे. वाचन अजून सावकाश आहे, पण पेरणीच्या आधी आमच्या घरात उगवण तोच तपासतो, आणि आजोबा त्याचा आकडा धरून बियाणे घेतात.

गेली ती दोन वर्षे मात्र परत येत नाहीत. मी वहिनींना "शाळा सुरू झाली की येईल ओळीवर" असे म्हणालो नसतो, तर बरे झाले असते. तुमच्या घरात कोणी "मी काय शिकवणार?" असे म्हणत असेल, तर त्या माउलीला आज संध्याकाळी शंभर दाणे मोजायला मुलाशेजारी बसवा. एवढ्यापासून सुरुवात पुरते.