काठावरचा ठोका

मिरजेच्या उरुसात फुगे फोडायच्या स्टॉलवर तिनं आयुष्यातला पहिला नेम धरला. वय असेल नऊ-दहा. छर्ऱ्याची बंदूक तिच्याच उंचीची, म्हणून वडिलांनी खालून हात लावलेला. पाच छर्रे फुकट गेले. सहाव्या वेळी तिनं पिवळ्या फुग्यावर नेम धरला आणि त्याच्या उजवीकडचा लाल फुटला. "अगं, माशीच वाकडी आहे त्या बंदुकीची," वडील हसत म्हणाले, "त्याचा धंदाच तो." मग तिनं हिशेब लावला आणि हव्या त्या फुग्याच्या डावीकडच्या फुग्यावर नेम धरून तीन फुगे ओळीनं उडवले. दुसऱ्या दिवशी तीच युक्ती घेऊन ती शेजारच्या स्टॉलवर गेली. तिथली बंदूक भलत्याच बाजूला वाकडी होती.

दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूलही त्याच जातीचं. पत्र्याचा घोडा टिकलीच्या मधोमध पडला तर बार, काठावर पडला तर नुसतं 'टक्'. टिकल्यांची गुंडाळी जराशी सरकली की अख्खी दिवाळी फुसकी. काठावर बसलेला ठोका म्हणजे वाया गेलेला ठोका, हे तिचं तेव्हाचं पक्कं मत.

ते मत १९८६ साली बदललं. सांगलीच्या कॉलेजात तिनं एनसीसीत नाव घातलं ते कॅम्पला जायला मिळतं म्हणून आणि परेडनंतरच्या नाश्त्यासाठी. फायरिंगच्या दिवशी हातात आली पॉइंट टू-टूची बोल्टची रायफल. उस्तादांनी पाच काडतुसं मोजून दिली, प्रत्येक करंगळीच्या पेराएवढं. पालथं पडून तिनं ती एकेक करून उडवली. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. कागदावरची पाचही भोकं तळहाताखाली झाकली गेली. पण त्या दिवसातलं तिच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. चाळीस जणांना दोनशे काडतुसं दिलेली आणि परत आलेले खोखे एकशे नव्याण्णव. सैन्याच्या हिंदीत रिकाम्या केसला खोखा म्हणतात, आणि खोख्यांचा हिशेब जुळल्याशिवाय बस हलत नाही. ऊन उतरेपर्यंत सगळी पलटण गुडघ्यांवर बसून गवत विंचरत होती. शेवटी तो खोखा तिच्या शेजारणीच्या दुमडलेल्या बाहीत निघाला.

उस्तादांच्या हातात देण्याआधी तिनं तो उलटा करून पाहिला. बुडाचा मध्य गुळगुळीत, कोरा. कडेला मात्र नखानं दाबल्यासारखी एक आडवी खाच. घोड्याचा ठोका बरोबर काठावर बसला होता, आणि बार झाला होता.

या काडतुसाचं सगळं गणित त्या काठात आहे, म्हणूनच त्याला रिमफायर म्हणतात. पितळेच्या पातळ पत्र्याची नळी करायची आणि तिच्या बुडाशी पत्रा दुमडून पोकळ कड ठेवायची. त्यात ओलं स्फोटक मिश्रण घालून नळी गरगर फिरवायची, म्हणजे ते कडेच्या पोकळीत जाऊन बसतं. वाळलं की वर दारू, दारूवर शिशाची गोळी. फायरिंग पिननं कड चिमटली की मिश्रण पेटतं. स्मिथ अँड वेसननं १८५७ मध्ये आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं ते अशाच काडतुसाच्या आखूड अवतारासाठी. आज जगभर चालणारं 'लाँग रायफल' काडतूस १८८७ मधलं. त्यातली नेहमीची गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची.

वेगळी टोपी बसवावी लागत नाही म्हणून ते स्वस्त, आणि नेमक्या त्याच कारणानं लहरी. मिश्रण कडेभर सारखं पसरलं नसेल आणि पिन नेमकी उण्या जागी बसली, की फुसका बार. बाहेर आलेली कड मॅगझिनमध्ये वरच्या-खालच्या काडतुसाला अडकू शकते. उघड्या शिशावर मेणाचं वंगण असतं, ते तापून, धुराशी मिसळून यंत्रात काळी चिकट राब साठवतं. रायफलीला बोल्ट हातानं ओढायचा असल्यानं ही नखरेल बाजू तिथं फारशी दिसत नाही. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात मात्र ती पहिल्या शंभर काडतुसांत पुढ्यात येऊन उभी राहते.

हे तिला कळायला बत्तीस वर्षं जावी लागली. मधल्या काळात लग्न, १९९४ मध्ये ओहायो, नोकरी, दोन मुलं. ऑगस्ट २०१८ मध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतनं पालेंबांगला आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. आशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. थायलंडच्या नाफास्वान यांगपायबूनशी चौतीस-चौतीस अशी बरोबरी झाली होती. पहिल्या शूट-ऑफमध्ये पुन्हा चार-चार, आणि दुसऱ्यात तीन विरुद्ध दोन. इकडे ओहायोत तिनं त्या लढतीचा व्हिडिओ स्वयंपाकघरात उभ्यानं चार वेळा पाहिला. राहीच्या हातात पॉइंट टू-टूच होतं.

"पन्नाशीत पिस्तूल?" नवऱ्यानं विचारलं. "अगं, भरतकाम वगैरे काही?" तिजोरी आधी येईल, पिस्तूल नंतर, या अटीवर तह झाला.

दुकानात पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या मुलानं तिच्यापुढे गुलाबी मुठीचं एक चिमुकलं पिस्तूल ठेवलं. बाईमाणूस, हात लहान, म्हणून पिस्तूलही लहान, असा त्याचा हिशेब. शिकणाऱ्याच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे. मागची खाच आणि पुढची माशी यांत अंतर जितकं कमी, तितकी माशी खाचेत तेवढीच सरकली तरी चूक कागदावर मोठी होऊन उमटते. शिवाय हलकं पिस्तूल हातात नाचतं. शिकायला किलोभर वजनाचं, लांब नळीचं पिस्तूल बरं. दंड दुखतो, तो महिन्याभरात सरावतो.

तिनं घाई केली नाही. तिकडच्या बऱ्याच बंदिस्त रेंजवर पिस्तुलं भाड्यानं मिळतात. चार शनिवार, चार पिस्तुलं, प्रत्येकाला पन्नास काडतुसांचा एक डबा: वॉल्थर पी-२२, ब्राउनिंग बक मार्क, स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी आणि रुगर मार्क-४. त्यातल्या एकानं तिसऱ्या मॅगझिनपासून रुसायला सुरुवात केली. रिकामी केस पुरती बाहेर न पडता उघड्या फटीत उभी अडकायची, कौलांवर धुराडं उभं असावं तशी. कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही, भाड्याचं पिस्तूल किती हातांतून आणि किती दिवस पुसल्याविना गेलेलं असेल कोण जाणे. पण कारण तिनं समजून घेतलं. या पिस्तुलांत गोळीच्या उलट धक्क्यानंच बोल्ट किंवा स्लाइड मागे जाते. काडतूस कमी जोराचं असलं किंवा यंत्रात राब साठली, की ती पुरेशी मागे जात नाही. म्हणून रिमफायर पिस्तूल एकटं निवडता येत नाही, त्याला पचणारं काडतूसही सोबत निवडावं लागतं. तिनं तीन कंपन्यांचे डबे आणले आणि घरखर्चाच्या जुन्या वहीत मागच्या बाजूनं नोंदी सुरू केल्या: तारीख, काडतूस, किती उडवली, किती अडली, कशी अडली.

शेवटी घेतलं रुगर. कनेटिकटच्या साउथपोर्टमध्ये बिल रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ मध्ये या घराण्याचं पहिलं पिस्तूल साडेसदतीस डॉलरला विकायला काढलं. दाबून आकार दिलेल्या पत्र्याचे दोन अर्धे जोडून त्याची चौकट केली होती, म्हणून ते एवढं स्वस्त पडलं. मुठीचा तिरपेपणा जर्मन लुगरची आठवण करून देणारा. तिला महत्त्वाचं वाटलं ते हे, की त्यात नळी आणि माशी जागच्या हलत नाहीत, आत फक्त बोल्ट मागेपुढे होतो. जुनी मॉडेलं खोलणं सोपं आणि जोडणं म्हणजे परीक्षा, अशी त्यांची ख्याती होती. २०१६ च्या मार्क-४ नं ते एका बटणावर आणलं. जे साफ करायला कंटाळा येतो ते साफ होत नाही, आणि जे साफ होत नाही ते अडतं. मिक्सरच्या भांड्यालाही हाच न्याय लागू आहे. २०१७ मध्ये कंपनीनं सेफ्टीतल्या दोषामुळे त्या वर्षीच्या १ जूनआधी बनलेली मार्क-४ परत मागवली होती, हे तिनं आधीच वाचलेलं. म्हणून नंतर बनलेलंच पाहून घेतलं. शस्त्रखरेदीचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरला, दुकानदारानं तिची पार्श्वभूमी तपासून घेतली, आणि पिस्तूल घरातल्या तिजोरीत जाऊन बसलं.

शिकवणारा एक निवृत्त टपाल कर्मचारी होता. तो मॅगझिनमध्ये तिच्या नकळत मधेच एखादं खोटं काडतूस घालायचा. चाप ओढला, बार झाला नाही, पण नळीचं तोंड खाली झुकलं, की चोरी पकडली गेली. आवाजाला घाबरून हात आधीच दचकतो, तो असा उघडा पडतो. तिचा हात फारसा झुकत नव्हता. नऊ मिलिमीटरवर सुरुवात केली असती तर दचकणंच आधी शिकून झालं असतं आणि ते विसरायला दुप्पट वेळ लागला असता, असं तो म्हणायचा. खर्चाचाही फरक होताच, मोठ्या काडतुसाच्या पैशांत ही तीन-चार तरी यायची.

कोऱ्या सरावाचा उपाय तर त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून आणला. रिकाम्या रिमफायर पिस्तुलाचा चाप ओढत राहिलं, तर बऱ्याच मॉडेलांत पिन नळीच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात. म्हणून भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लॅस्टिकचे प्लग त्यात घालायचे. ठरावीक मापाचे प्लग काडतुसाच्या जागी चपखल बसतात आणि ठोका स्वतःवर झेलतात. संध्याकाळी बातम्या लागल्या की ती पिस्तूल दोनदा रिकामं तपासायची, प्लग घालायची आणि भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर वीस मिनिटं चाप ओढायची. नवऱ्याला आधी ते टकटक खुपायचं. नंतर ते थांबलं की तोच विचारायचा, "आज काय झालं?"

फुसका बार झाला तर नळी समोरच धरून मनात तीस आकडे मोजायचे, कारण बार कधीकधी उशिरा होतो. मग काडतूस काढायचं, जरासं फिरवायचं आणि पुन्हा भरायचं. ठोका कडेच्या दुसऱ्या जागी बसतो आणि बहुतेक वेळा बार होतो. घरी आल्यावर आधी हात धुवायचे, शिसं पोटात जाऊ नये म्हणून.

२०२० मध्ये अमेरिकेत काडतुसांचा दुष्काळ पडला. वही वर्षभर कोरी राहिली, प्लग झिजले.

२०२३ च्या डिसेंबरात ती पुण्याला आली. भाची दहा मीटर एअर पिस्तुलावरून आता पंचवीस मीटरकडे वळलेली. इथं मौजेपुरतं पिस्तूल ही गोष्टच नाही. पॉइंट टू-टू म्हटलं की परवाना, क्लब, काडतुसांचा कोटा. बालेवाडीच्या रेंजवर तिनं भाचीचा सराव पाहिला. तीस गोळ्या सावकाश अचूकतेच्या आणि तीस झटपट, त्यात तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी सोडायची, सात सेकंद थांबायचं, पुन्हा तीन. एवढ्या वेळात पिस्तुलाची मनधरणी करायला सवड नसते. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं. दुरुस्तीत मिनिटं गेली आणि ती बारावी आली.

"मावशी, पार्डिनी घेऊ की वॉल्थर?" भाचीनं विचारलं. दोन्ही कंपन्यांच्या स्पर्धेच्या पिस्तुलांत मॅगझिन चापाच्या पुढे असतं, त्यामुळे लाकडी मूठ हाताच्या मापानं हवी तशी कोरता येते. भाचीचे सर तेव्हा शेजारी बसून कुणाच्या तरी मुठीवर लाकडाची पुट्टी लावत होते आणि कानशीनं घासत होते.

"ते नंतर. आधी हे का अडतंय ते बघू." क्लबच्या त्या जुन्या पिस्तुलानं सकाळपासून पाच वेळा दगा दिला होता. काडतुसं खराब, असं एक जण म्हणाला. मुलगी चाप नीट ओढत नाही, असं दुसरा. तिनं रेंज ऑफिसरांना विचारून न फुटलेली पाच काडतुसं टेबलावर मांडली, त्यांच्याशेजारी फुटलेल्यांचे खोखे, सगळ्यांची बुडं वर. फुटलेल्यांच्या कडेला खोल खाच होती. न फुटलेल्यांच्या कडेवर जेमतेम ओरखडा.

"ठोकाच बसत नाहीये," भाची म्हणाली. सरांनी कानस ठेवली, पिस्तूल खोललं, फायरिंग पिनच्या खोबणीत इअरबड फिरवला. तो काजळात बुडवल्यासारखा काळाकुट्ट होऊन बाहेर आला.

पुढची पंचवीस काडतुसं अडखळल्याविना गेली. आवरताना हिशेब करायला बसल्या तर एक खोखा कमी. भाची टेबलाखाली शिरली. मावशीनं चष्मा कपाळावर सरकवला, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर ठेवला आणि ती खाली बसली.

"बाह्या बघ आधी," ती म्हणाली.