एकोणिसाव्या आठवड्याची फाईल

थेट मुलाखतीच्या दिवशी सकाळी साडेआठलाच एक मुलगा ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला होता. मांडीवर प्लास्टिकची फाईल, पायांत धुळीने माखलेल्या चपला. रात्रभर एसटीत बसून आला होता. मला फार बरं वाटलं, कारण या पदाच्या आधीच्या तीन जाहिराती कोऱ्या गेल्या होत्या. फाईल उघडली, तर आत क्ष-किरण तंत्रज्ञाची पदविका. आमच्या जाहिरातीतलं पदनाम होतं ‘क्ष-किरण तज्ज्ञ’.

“मॅडम, एक्स-रेचंच काम आहे ना?”

मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, हे पद एमडी किंवा डीएमआरडी झालेल्या डॉक्टरचं आहे. “बरं मॅडम,” म्हणून तो उठला. परतीच्या तिकिटाला पैसे आहेत का, एवढंही विचारायचं मला सुचलं नाही. त्याची रुखरुख अजून जात नाही. तो चुकला नव्हता. तज्ज्ञ आणि तंत्रज्ञ यांतला फरक जाहिरातीनेच सांगायला हवा होता.

जिल्ह्याच्या आरोग्य विभागात मी राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी पदांच्या भरतीचं काम बघते. माझी स्वतःची ऑर्डरही कंत्राटीच, ११ महिने २९ दिवसांची. स्टाफ नर्सच्या एका जागेला अर्जांचे गठ्ठे येतात, छाननी करता करता रात्र होते. क्ष-किरण तज्ज्ञाच्या, म्हणजे रेडिओलॉजिस्टच्या, रकान्यात मात्र ‘अर्ज प्राप्त नाही’ असं लिहायची हाताला सवय झाली होती. सोनोग्राफी मशीन होतं, खोली होती, एसीसुद्धा होता. मशीनवर निळं कापड टाकलेलं असायचं. गरोदर बाई आली की सिस्टर चिठ्ठी लिहून द्यायच्या आणि ती ७० किलोमीटरवरच्या शहरात जायची. जायची म्हणजे, नवऱ्याचा खाडा झाला तरी चालणार असेल तर जायची. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून ही तपासणी तिच्या हक्काची आणि मोफत आहे.

मग मी फोन करायला घेतले. एका डॉक्टरांनी सांगितलं, “मॅडम, माझं नाव आधीच दोन सेंटरवर आहे.” गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियमांत २०१२ साली सुधारणा झाली, तेव्हापासून एका डॉक्टरचं नाव एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर नोंदवता येतं. दुसऱ्यांनी विचारलं, “या कायद्याचा एफ फॉर्म कोण भरणार? एक रकाना राहिला तरी गुन्हा माझ्यावर.” त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण हा कायदा कडकच हवा, असं माझं ठाम मत आहे. असा कायदा देशात सगळ्यांत आधी, १९८८ साली, आपल्या राज्याने केला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१मध्ये ९१३ होत्या, त्या २०११मध्ये ८९४वर आल्या. तेव्हा डॉक्टरला फॉर्म नीट भरून देणारं माणूस हाताशी देणं, हे आमचं काम आहे. जाहिरातीत आम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहीत नव्हतो.

पाचव्या जाहिरातीला एक सर आले. वय ६८. विशेषतज्ज्ञांना आमच्याकडे सत्तरीपर्यंत काम करता येतं, साठीनंतर फिटनेसचा दाखला लागतो. मुलाखतीच्या खोलीत बसण्याआधीच ते म्हणाले, “आधी मशीन दाखवा.” निळं कापड त्यांनी स्वतः काढून घडी घातलं. प्रोब हातात घेतला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि उजेडात धरला. “इथं चीर आहे. हा बदला. खिडकीला जाड पडदा लावा. आणि टेबलाला पायरी करा, सात-आठ महिन्यांच्या बाईला एवढ्या उंच चढवता तुम्ही?” त्या टेबलाकडे मी किती वेळा पाहिलं होतं!

त्यांना आठवड्यातून दोन दिवस यायचं होतं, केसमागे मानधन घेऊन. जाहिरात होती पूर्णवेळ, ठोक मानधनाची. मी टिपणी घातली. फाईल लेख्याकडे गेली, शेरा घेऊन परत आली, पुन्हा गेली. मान्यता मिळाल्यावर कळलं, की केंद्रावरच्या डॉक्टरमधला बदल त्याच कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्याला ३० दिवस आधी कळवावा लागतो. हे पत्र पहिल्याच दिवशी टाइप करून ठेवता आलं असतं. ते राहिलं, आणि माझ्याकडूनच राहिलं. सरांचा दर सोमवारी फोन यायचा, “काय झालं हो?”

आम्ही महिने मोजत होतो, तिकडे प्रत्येक पोटात आठवडे सरत होते. बाळातलं व्यंग बघायची तपासणी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत व्हावी लागते. २०२१च्या सुधारणेनंतर काही ठरावीक परिस्थितीत गर्भपाताची मुदत २४ आठवडे झाली आहे, त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. माझ्या टेबलावर फाईल पडून होती त्या दिवसांत किती बायकांचा तो आठवडा निघून गेला, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही.

सर रुजू झाले ते ९ तारखेला. २०१६पासून दर महिन्याच्या नऊला सुरक्षित मातृत्वाची तपासणी असते, त्यामुळे बाकावर जागा उरली नव्हती. एफ फॉर्म भरायला मी एक सिस्टर आणि एक ऑपरेटर बसवले होते. दुपारी सरांनी एका बाईला बराच वेळ आत ठेवलं. एकोणिसावा आठवडा, पहिलटकरीण, सोबत सासू. बाहेर आल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, “बाळाच्या हृदयात दोष वाटतोय. मोठ्या दवाखान्यात आजच दाखवायला हवं. त्यांना वेळ आहे अजून.” सासूबाईंना त्यांनी स्वतः खुर्ची दिली आणि कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. मी १०२ला फोन लावला. चारच्या आत गाडी निघाली.

सरांचा करार संपायला आता पाच महिने आहेत. मुदतवाढीची टिपणी मी काल सहीला ठेवली.