कोणतंही पान घ्या, पण निघणार बदाम सत्ताच!

गेली दहा-बारा वर्षं माझ्या शबनममध्ये वही-पेनासोबत पत्त्यांचा एक कॅट असतो. बातमीसाठी गावोगाव फिरतो, एखाद्या शाळेत मास्तर म्हणाले की दहा मिनिटं पोरांना जादू दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही.

हा कॅट साधा नाही, मुद्दाम तसाच बनवलेला असतो. त्याला स्वेंगाली डेक म्हणतात. 52 पानांपैकी 26 पानं वेगवेगळी आणि उरलेली 26 एकच, माझ्याकडच्या कॅटमध्ये बदाम सत्ता. ही एकसारखी पानं बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड कापलेली असतात आणि एकाआड एक लावलेली असतात. अंगठ्याने पानं फर्रकन सोडली की जोडी-जोडीने पडतात आणि बघणाऱ्याला फक्त लांब पानं दिसतात. त्याला वाटतं, सगळा कॅट वेगवेगळा आहे. मग म्हणायचं, "बाळा, पाहिजे तिथं थांबव आणि वरचं पान उचल." तो कुठंही थांबवो, निघतो बदाम सत्ताच.

म्हणजे निवड त्याची नसतेच. ती कारखान्यात कॅट कापतानाच झालेली असते!

मागच्या वर्षी एका गावात खेळ संपला आणि सत्तरीची एक आजी जवळ आली. हात जोडले आणि म्हणाली, "दादा, तुमच्या हातात कायतरी हाय. माझ्या नातवाला फिट येत्यात. एकदा त्याच्या डोक्यावरनं हात फिरवा."

मंडळी, मी सुरुवातीलाच माइकवरून सांगितलं होतं की ही हातचलाखी आहे. तरीही हे झालं. चौकशी केली तर कळलं, एका बाबाने मनातलं फूल ओळखून दाखवलं होतं आणि पोराच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. दर अमावास्येला पैसे जात होते ते वेगळेच.

जादूगारांचा एक नियम असतो, गुपित फोडायचं नाही. मी आजीला पारावर बसवलं आणि कॅट उघडा करून समोर पसरला. आखूड पानं तिच्या बोटांना लावून दाखवली. मग तिलाच कॅट दिला आणि शेजारच्या पोरावर प्रयोग करायला सांगितला. तिसऱ्या खेपेला जमलं. पोरगं तोंडाचा आ करून बघत राहिलं. आजी हसली, मग गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग त्यो बाबा बी कापलेलीच पानं वापरतोय का?"

मी म्हटलं, "आजी, तो काय वापरतो ते मला माहीत नाही. पण फूल ओळखणं वेगळं आणि फिट बरी करणं वेगळं. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका."

पुढच्या आठवड्यात तिच्या मुलाचा फोन आला, पोराला सरकारी दवाखान्यात नेलं आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या म्हणून. एवढंच. चमत्कार वगैरे काही नाही.

तालुक्यातले एक जादूगार मित्र मात्र माझ्यावर चिडले. "आमच्या पोटावर पाय देतोस का?" त्यांचा राग मला समजतो. पण जादूगार तिकीट लावतो आणि सांगून फसवतो. आपणही हौसेने फसतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. बाबा न सांगता फसवतो आणि त्याचं बिल घरादाराला भरावं लागतं. अमेरिकेत 1926 साली हूडिनीसारखा नावाजलेला जादूगार भविष्यवाल्यांविरुद्धच्या विधेयकाच्या बाजूने काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला उभा राहिला होता. त्याने काही जादूचा धंदा बुडाला नाही.

आपल्याकडचा कायदाही हीच रेघ ओढतो. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात तथाकथित चमत्कार दाखवून फसवणं आणि त्यावर पैसे कमावणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मनोरंजनाच्या जादूला हा कायदा हात लावत नाही.

आणि आता थोडं आमच्या पेशाबद्दल. मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा करण्याच्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा 1954 चा आहे. त्याच्या आजारांच्या यादीत अपस्मार, म्हणजे त्या नातवाची फिट, नावानिशी आहे. तरी छोट्या जाहिरातींचं पान उघडून बघा. अशी एक जाहिरात छापली की पान एकचं बातम्यांचं सगळं प्रबोधन पाण्यात जातं.

तेव्हा एक विनंती. तुमच्या गावात कुणी "पाहिजे ते पान घ्या" म्हणाला, मग तो बाबा असो नाहीतर पुढारी, तर पान उचलण्याआधी एकदा सांगा, "महाराज, अख्खा कॅट उताणा पसरा की!"

खरा जादूगार असेल तर हसेल. दुसरा कुणी असेल तर चिडेल. तो चिडला की तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि ती घेत नसतील तर मला मेसेज करा.