दुसरा-चौथा शनिवार

बुटीबोरीत आज कोणता वार, हे शिफ्टवरून कळतं. उजाडायच्या आत डब्याच्या पिशव्या घेतलेली माणसं कंपनीच्या बसची वाट पाहत चौकात उभी असतात. कुणाची सुट्टी मंगळवारी, कुणाची शुक्रवारी. सुताच्या, टायरच्या, विजेच्या मनोऱ्यांच्या कारखान्यांनी हे गाव वाढवलं. वर्धा-यवतमाळकडून, गोंदियाकडून, पार छत्तीसगड-बिहारकडून माणसं आली आणि किरायाच्या खोल्यांत त्यांनी संसार थाटले. आजी-आजोबा, आत्या, मामा मागे गावीच राहिले. त्यांची उणीव मला सणावारापेक्षा जास्त जाणवते ती एखादं घर मोडतं तेव्हा.

गावाकडे नवरा-बायकोचं पटेनासं झालं, तरी लेकराला जायला एक तिसरं अंगण असतं. आत्याच्या ओसरीवर बाप येऊन बसतो, पोराला मांडीवर घेतो. आईला समोर यावं लागत नाही. सगळं गोडीनं होतं असं नाही, टोमणे असतातच, पण जागा असते. इथे दोन टोकांना दोन खोल्या असतात आणि मधे धडाडून वाहणारा हायवे.

आमच्या शेजारी राहायला आलेली बाई अशीच लेकीला घेऊन वेगळी झालेली. नागपूरला कौटुंबिक न्यायालयात तारखा चालू होत्या. बापानं मुलीला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेटायचं ठरलं होतं. आईला त्याच्यासमोर उभं राहायचं नव्हतं, आणि मुलगी तर बाबांचं नाव काढून झोपत होती. मग दोघांच्या संमतीनं मधलं माणूस म्हणून मी जायचं ठरलं. “काकू, तुम्ही हलू नका तिथून,” एवढंच ती मला म्हणाली.

भेटीची जागा देवळाचा सभामंडप. बाप नाइट शिफ्ट करून थेट आलेला, डोळे तांबारलेले, हातात चपलांचं खोकं. गुलाबी, वर प्लास्टिकचं फूल असलेल्या चपला. पण माप त्याच्या आठवणीतलं होतं, आणि मधल्या महिन्यांत पाय वाढले होते. मुलीनं खाली बसून पाऊल आत सरकवलं. टाच मागे उरली. तिनं पायाची बोटं आखडून घेतली, टाच कशीबशी आत ओढली, पट्टा लावला आणि वर बघून म्हणाली, “बरोबर होते, बाबा.” मग त्या चपलांत ती सगळा वेळ मंडपात धावली. मी तिच्या पायांकडे बघत होते. सात वर्षांची पोर बापाचं मन सांभाळत होती.

थोड्या वेळानं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “आईकडे कोण कोण येते गं?” तिचा हसरा चेहरा एकदम मिटला. मी म्हटलं, “भाऊ, हे तिला नका विचारू. शाळेचं विचारा.” तो वरमला, आणि त्यानं खरंच शाळेचं विचारलं. ती घरी आल्यावर आईनं पाण्याचा ग्लास पुढे करत विचारलं, “काय म्हणत होते?” तेव्हाही मला तेच सांगावं लागलं. दोघंही वाईट नव्हते. दोघंही दुखावलेले होते, आणि दोघांच्याही दुखण्याचा निरोप्या ते लेकरू झालं होतं.

कायद्यानं या लेकराकडे पाठ फिरवलेली नाही. मुलाचं कल्याण सर्वांत वर, हे 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातच आहे. मुलं म्हणजे आई-बापांची मालमत्ता नव्हे की खेळणी नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्ये रोझी जेकब खटल्यात ठणकावलं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारतानं 1992 मध्ये स्वीकारला. आई-बापांपासून दूर राहणाऱ्या मुलाला दोघांशी नियमित संबंध ठेवता यावा, त्याच्या हिताला बाध येत असेल तेवढाच अपवाद, असं तो करार सांगतो. 2020 च्या यशिता साहू खटल्यात तर न्यायालयानं रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या बोलण्याचाही विचार केला. ज्याच्याकडे मूल राहत नाही त्या पालकाला फोनवर, व्हिडिओवर मुलाशी बोलता यायला हवं, असं म्हटलं. हे वाचताना मला वाटलं, कुणीतरी त्या लहान आखडलेल्या बोटांपर्यंत पोचायला बघतंय.

तरी प्रत्येक भेट चांगलीच, असं मी कधी म्हणणार नाही. ज्या घरात मारहाण झाली, जिथे पोर बापाच्या, नाहीतर आईच्या पावलांच्या आवाजानं भिंतीला चिकटतं, तिथे भेटीचा हट्ट म्हणजे त्या भीतीच्या हाती लेकरू परत देणं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात म्हणूनच दंडाधिकाऱ्याला अधिकार आहे: भेटीनं मुलाच्या हिताला धोका वाटला तर ती नाकारता येते. कुठे भेट थांबवावी लागते, कुठे ती तिसऱ्याच्या नजरेखाली व्हावी लागते, कुठे फोनवरचा आवाजच पुरे असतो. मुलाला भेटीआधी ताप येतो का, भेटीनंतर ते मोकळं होतं की गप्प, हे बघणारं माणूस लागतं, आणि त्या माणसाला दोन्ही बाजूंच्या भांडणात काही जिंकायचं नसावं.

असं माणूस कौटुंबिक न्यायालयात मिळतं. 1984 च्या कायद्यानं तिथे समुपदेशक आहेत, आणि मुंबईत वांद्र्याच्या न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी वेगळं बालसंकुलही आहे. पण बुटीबोरीहून नागपूर तीसेक किलोमीटर. रोजंदारीच्या माणसाला त्या भेटीसाठी खाडा पडतो, लेकराला बस लागते, आणि कोर्टाच्या आवारात काळे कोट बघत बापाच्या गळ्यात पडायचं धैर्य कितीशा मुलांना होतं? इंग्लंडमध्ये अशी भेटकेंद्रं गावोगावी आहेत. पुष्कळ ठिकाणी ती चर्चच्या नाहीतर वस्तीच्या सभागृहात, स्वयंसेवकांच्या हातांनी चालतात. त्यासाठी फार मोठी इमारत लागत नाही.

आपल्याकडेही ती लागणार नाही. शाळा सुटल्यावर रिकामी होणारी एक खोली, आई-बापांना समोरासमोर यावं लागू नये म्हणून दोन दारं, खाली सतरंजी, थोडी खेळणी, आल्या-गेल्याची वेळ लिहायची वही आणि शिकवून तयार केलेली एखादी ताई. शिफ्टवाल्यांसाठी ती खोली संध्याकाळीही उघडी हवी, मंगळवारीही. एवढ्या कारखान्यांच्या, एवढ्या पगारपत्रकांच्या या गावाला हे झेपणार नाही, असं मी मानत नाही. नगर परिषदेनं जागा द्यावी, कंपन्यांनी सामाजिक निधीतून ताईचा पगार द्यावा, आणि भेटीच्या दिवशी शिफ्ट बदलून मागणाऱ्या बापाला सुपरवायझरनं कारण न विचारता ती द्यावी.

आई आणि बाप दोघंही हवेसे वाटणं हा लेकराचा गुन्हा नाही. ते बोलून दाखवायला त्याला हिंमत लागू नये, कुणाचं मन राखायला स्वतःचं पाऊल लहान करावं लागू नये. हिंमत करायची ती आपण मोठ्यांनी: आईनं दार उघडायची, बापानं प्रश्न गिळायची, आणि आपण शेजाऱ्यांनी “त्यांच्या घरातलं आहे” असं म्हणत मान न फिरवता मधे जाऊन बसायची.