लाल दिवा आणि उसाची ट्रॉली

तुमच्या घरी वायफाय आहे का? असेल तर ते मधूनच गायबही होत असेल. मग घरात एकच ओरड, "नेट गेलं!" पण मी तुम्हांला विचारते, गेलं म्हणजे नक्की कुठून गेलं?

आमच्या रहिमतपूरच्या घरात हा प्रश्न फार महत्त्वाचा होऊन बसला होता. माझे धाकटे दीर फौजेत आहेत. आमच्या सातारा जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ. अपशिंगे गावाला तर 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. भाऊजींना रोज फोन जमत नाही. रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, तोही वीसेक मिनिटं. माझी पुतणी चौथीत आहे. ती सहा वाजल्यापासून वेणीफणी करून मोबाइलसमोर बसायची. पप्पा दिसायचे, "बाळा, अभ्या..." म्हणायचे आणि तोंड उघडं ठेवूनच थिजायचे. पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. तिसऱ्या रविवारी ती हसली नाही. जेवलीही नाही.

कंपनीकडे तक्रार केली. उत्तर ठरलेलं, "मॅडम, डबा बंद करून चालू करा." दोनदा माणूस येऊन बघून गेला. पण तो आला की नेट शहाण्या मुलासारखं चालायचं! दवाखान्यात पाऊल टाकलं की आपलं पोट दुखायचं थांबतं ना, तस्सं.

मग मी पुतणीला एक वही आखून दिली. नेट गेलं की वेळ लिहायची आणि डब्यावरचे दिवे बघायचे. फायबरच्या डब्यावर बहुधा 'एलओएस' असं लिहिलेला एक दिवा असतो. एरवी तो विझलेला. तो लाल झाला की समजायचं, बाहेरून येणारा उजेडच डब्यापर्यंत पोचत नाही. लाल न होताच नेट अडखळलं, तर दोष घरातही असू शकतो. मधली जाड भिंत, लोखंडी कपाट, असं काहीतरी.

उजेड म्हणजे खरोखरच उजेड बरं का! मात्र आपल्या डोळ्यांना न दिसणारा. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्या आतल्या आत परावर्तन पावत प्रकाश धावतो. पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर इंग्लंडमध्ये अशा काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. त्यांचा लेख १९५४ साली छापून आला. मी वर्गात याचा सोपा प्रयोग करते. प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडायचं, पाणी भरायचं, खोलीत अंधार करायचा आणि भोकाच्या बरोबर मागून बॅटरी लावायची. पाण्याची धार वाकते तसा प्रकाशही तिच्याबरोबर वाकतो. धारेखाली तळहात धरला की हातावर उजेड पडतो. मुलं दरवेळी ओरडतात! काचेची तारही थोडी वळली तर चालतं. फार मुडपली की प्रकाश वाटेतच बाहेर सांडतो.

दहा दिवसांनी वही पाहिली. प्रत्येक नोंदीपुढे लाल दिवा. बहुतेक वेळा पाच ते आठच्या दरम्यान. जाऊबाई म्हणाल्या, "संध्याकाळी सगळा गाव नेटवर बसतो, म्हणून होत असेल." पण तेवढ्यानं नेट हळू होईल, दिवा कशाला लाल होईल?

उत्तर पुतणीनंच दिलं. "काकू, नेट जायच्या आधी गाणं वाजतं."

गळिताचा हंगाम होता. तुम्ही ऊसपट्ट्यातले असाल तर ओळखलंच असेल! मोठमोठे स्पीकर लावून ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस मावेल तिथपर्यंत. आम्ही गच्चीवर जाऊन उभ्या राहिलो. रस्त्यावरून आडवी आलेली आमची काळी वायर सैल होऊन खाली लोंबत होती. ट्रॉलीवरच्या उसानं ती उचलली, पुढे ओढली आणि सोडून दिली. आतून पुतणी ओरडली, "लाल!" दोन मिनिटांनी नेट परत हजर.

(ही तर एका घराची वायर. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि इकडे भारतातलं इंटरनेट मंदावलं.)

तिसऱ्या खेपेला माणूस आला तेव्हा पुतणीनं त्याच्या हातात वही ठेवली. त्यानं दारातच उभं राहून ती पूर्ण वाचली. या वेळी "डबा बंद करा" नाही. शिडी लावून वायर चांगली वर ताणून घेतली, खांबावरचा जोड नवा केला. उरलेला काचेचा तुकडा ती मागायला लागली, तर म्हणाला, "नको ताई, डोळ्याला दिसत नाही एवढी बारीक काच बोटात शिरते." आणि तो तुकडा जपून स्वतःच्या डबीत टाकला.

पुढच्या रविवारी बावीस मिनिटं बोलणं झालं. पप्पांनी पाढे विचारले, तेव्हा नेट गेलं असतं तर बरं, असं तिला वाटलं म्हणे! तेविसाव्या मिनिटाला वीज गेली आणि डबाच बंद पडला. आता वहीत नवा रकाना आहे, 'लाईट गेली'. डब्याला चालणारी छोटी बॅटरी केवढ्याला मिळते, याची चौकशी ती सध्या करते आहे.